एक नंबरचा रंग

बुधवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी साखर पेठेत काकांच्या कारखान्यावर गेलो होतो. त्यांच्या चादरींच्या नक्ष्या साठवायला मी हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून दिलाय. काकांनी एक जुनी नक्षी उघडली आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "का बे, ही निळी चादर मरून कशी झाली?"

मी बघतच राहिलो. निळ्याचा मरून, हिरव्याचा निळा, पांढऱ्याचा हिरवा. लाल तेवढा जागेवर. प्रोग्राम कुठे अडखळला नव्हता, एरर नव्हती. हीच नक्षी तशीच मागावर चढली असती तर? पोटात खड्डा पडला.

घरी येऊन फाइल बाइट-बाइट उघडून वाचली. चूक माझीच. मागच्या आठवड्यात रंगांच्या टाइपमध्ये, म्हणजे कोडमधल्या रंगांच्या यादीत, मरून घातला, आणि तो लालच्या शेजारी शोभतो म्हणून लालच्या खाली लिहिला. माहिती बाइटमध्ये लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायनरी नावाच्या लायब्ररीला जेनेरिक पद्धतीने, म्हणजे टाइप बघून आपोआप, कोड बनवायला सांगितलं, की ती रंगांना लिहिलेल्या क्रमाने शून्यापासून नंबर देते आणि फाइलमध्ये फक्त तो नंबर एका बाइटमध्ये टाकते. आधी लाल 0, निळा 1, हिरवा 2, पांढरा 3 असं होतं. आता 1 म्हणजे मरून. जुन्या फाइलमधला प्रत्येक नंबर नव्या यादीतही बसतो, मग एरर येणार कुठून?

चादरीवरच्या एका पट्ट्याची माझी नोंद म्हणजे रंगाचा 1 बाइट, सुरुवातीच्या धाग्याच्या नंबराचे 8, धाग्यांच्या संख्येचे 8, एकूण 17 बाइट. चाळीस पट्ट्यांची यादी असेल तर आधी लांबीचे 8 बाइट, मग 680. 'निळा' हा शब्द त्यात कुठेच नाही. धागा पहिला की संख्या पहिली, हेही लिहिलेलं नाही. उद्या ती दोन फील्ड मी टाइपमध्ये उलटी लिहिली, तरी जुनी फाइल तशीच निमूटपणे वाचली जाईल.

जास्त लागलं ते टेस्टचं. क्विकचेक या टेस्टच्या लायब्ररीने आपल्या मनाने 100 नक्ष्या बनवून प्रत्येक बाइटमध्ये लिहिली, परत वाचली, जशीच्या तशी मिळाली. सगळ्या टेस्ट पास. अर्थात मिळणारच, लिहिणारा आणि वाचणारा दोघे त्याच मिनिटाला एकाच टाइपमधून जन्मलेले. मागच्या महिन्यातली फाइल त्या टेस्टमध्ये नव्हतीच. हास्केलवर माझा जीव आहे, टाइप जुळले की मी निर्धास्त होतो. पण टाइप तपासणाऱ्या कंपायलरला दिसतो तो आजचा कोड, आणि फाइल कालची असते.

निघताना काकांनी माळ्यावरचा जॅकार्डच्या कार्डांचा, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांचा, एक गठ्ठा काढून दाखवला होता. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 मध्ये बसवलेली पद्धत. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कार्डं ओळीने दोऱ्यात ओवलेली. मी म्हटलं, "काका, यात रंग कुठंय?" ते म्हणाले, "भोकात कुठला आलाय रंग? रंग सुतात असतो. म्हणून तर ही चिठ्ठी." गठ्ठ्याला एक पिवळी पडलेली चिठ्ठी बांधली होती: ताण्याला कुठलं सूत, बाण्याला कुठलं.

तेव्हा नुसतंच ऐकलं. आता फाइल समोर ठेवून बसल्यावर त्या चिठ्ठीचं काम कळलं. माझ्या फाइलला चिठ्ठीच नव्हती.

जेनेरिक कोड काढून टाकला. रंगांचे नंबर आता हाताने लिहिलेत: लाल 0, निळा 1, हिरवा 2, पांढरा 3, मरून 4. कोडमध्ये ओळी कशाही हलवल्या तरी हे नंबर हलणार नाहीत. अनोळखी नंबर आला की वाचन तिथेच थांबतं. फाइलच्या पहिल्या बाइटवर फाइलच्या रचनेच्या आवृत्तीचा नंबर. जुन्या फाइलींवर ती नाही, म्हणून त्या एकदाच वेगळ्या वाटेने वाचून नव्या रूपात लिहून घेतल्या.

सुदैवाने जुने बाइट बिघडलेले नव्हते. या आठवड्यात त्या नक्ष्या उघडून परत सेव्ह केल्या तेव्हाही 1 चा मरून होऊन पुन्हा 1 च लिहिला गेला होता. खऱ्या अर्थाने चुकल्या त्या नव्या क्रमावर बनवलेल्या दोनच नक्ष्या. त्या काकांना फोनवर एकेक पट्टा विचारून हाताने दुरुस्त केल्या. साडेदहाला फोन केला तरी ते जागेच होते.

एक जुनी फाइल, कालच्या बाइटसकट, टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. आत्ता चालवून पाहिलं. तिसरा पट्टा निळा आला.