आई म्हणाली, काढा कसला उकळतोयस?

आज पोर्टलंडला दिवसभर रिपरिप, मग गॅरेजमध्येच बिअरचा घाट घातला. काळी, पण हॉप्सवाली (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. यावेळी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार पाक नाही, थेट धान्यापासून. साडेसहा किलो माल्ट भरडून तासभर ६७ अंशांवर भिजवला. काळा रंग आला तो जेमतेम ३०० ग्रॅम भाजक्या माल्टचा, तोही साल काढलेला; सालीसकट घेतला असता तर जळकी, तुरट चव उतरली असती.

गाळलेल्या पाण्याला उकळी फुटली, हॉप्सची पहिली मूठ टाकली आणि फेस भसकन उतू गेला. जन्मभर दुधावर लक्ष ठेवलेला माणूस मी! नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल. ‘काढा कसला उकळतोयस? सर्दी झालीय का?’ हो म्हटलं.

शेवटच्या पाच मिनिटांत कॅस्केड हॉप्स टाकले. ही जात इथलीच, ओरेगनची, १९७२ सालची. गॅरेजभर पपनसाची साल सोलल्यासारखा वास. शेजारी डोकावून गेला.

चोथ्याची थालीपिठं लावली. खमंग झाली, पण कोंडा अजून दातात आहे.

रात्रीचे साडेअकरा. यीस्ट घालून तीन तास झाले. एअरलॉकमध्ये (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या बुचात) अजून एक बुडबुडा नाही, आणि मी खुर्ची टाकून बसलोय.