सकाळी कॅमेरा रंगीत कधी होतो?

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात एक स्मृतिचिन्ह आहे. लाकडी पाटीवर पितळेचा पत्रा आणि त्यावर 'उत्कृष्ट शोधनिबंध' ही अक्षरं. बायको ते पुसून पुढे ठेवते, मी मागे सरकवतो. ते ज्या दिवशी मिळालं, त्या दिवसाची ही हकीकत.

मी चोपड्याकडच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. २०२५च्या फेब्रुवारीत जळगावातल्या एका कॉलेजात डिजिटल फॉरेन्सिकवर, म्हणजे संगणक-कॅमेऱ्यांसारख्या यंत्रांतून पुरावा काढण्याच्या शास्त्रावर, परिषद होती. सकाळच्या एसटीनं तापीचा पूल ओलांडून मी नऊलाच हजर. नोंदणीच्या टेबलावर कापडी पिशवी, पेन, वही आणि छापील निबंधसंग्रह मिळाला. संग्रहात पान ७३ वर माझा निबंध. पाहुणे यायचे होते म्हणून दीपप्रज्वलन सव्वाअकराला झालं. तोवर समईतली एक वात दोनदा विझली होती.

खरं सांगायचं तर अशा परिषदांना अर्धे लोक बढतीच्या गुणांसाठी येतात. मीही त्यातलाच. पण बीजभाषण चांगलं निघालं. वक्त्यांनी सुरुवात २००१ सालापासून केली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी डिजिटल फॉरेन्सिक रिसर्च वर्कशॉप पहिल्यांदा भरलं आणि या कामाला शास्त्र म्हणायचं तर संशोधनाची दिशा काय असावी, याचा आराखडा तिथे मांडला गेला. तोवर हे काम बरंचसं हाताच्या सवयीनं चालायचं. पुढे २०१०मध्ये सिमसन गारफिंकेल या संशोधकानं याच वर्कशॉपमध्ये इशारा दिला की सुगीचे दिवस संपत आलेत: डिस्क इतक्या मोठ्या होताहेत की प्रत काढायलाच दिवस जाईल, एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करणं, वाढेल, माहिती क्लाउडवर जाईल. वक्ते म्हणाले, "आणि तसंच झालं." माझ्या शेजारचे प्राध्यापक डोळे मिटून मान डोलवत होते. ऐकत होते की झोपले होते, सांगता येत नाही.

त्यानंतर एका वकीलबाई बोलल्या. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागणाऱ्या जुन्या ६५ब कलमाची जागा ६३व्या कलमानं घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात हॅश, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहायचा. हे प्रमाणपत्र सक्तीचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये ज्या खटल्यात पक्कं केलं तो आपल्या शेजारच्या जालन्याचा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणुकीचा. जालन्याचं नाव आल्यावर सभागृहाला जाग आली.

मी मनातल्या मनात खूश होतो. माझ्या निबंधात हॅशच्या ६४ अक्षरांची माळ पहिल्याच स्लाइडवर होती.

आता प्रकरण सांगतो. २०२४च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या भागातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या शेडमधून रोकड गेली. गाडीभाडं आणि हमाली चुकवायला शेठ गल्ल्यात बऱ्यापैकी पैसे ठेवायचे. काट्याजवळच्या कॅमेऱ्यात डोक्याला रुमाल गुंडाळलेला माणूस दिसत होता. पाठमोरा, चेहरा नाही. चित्र काळंपांढरं. कोपऱ्यात वेळ: रात्री १२ वाजून १० मिनिटं. रात्री दहाला रखवालदार येई, म्हणजे संशय त्याच्यावर. पोलिसांत गेलो तर ऐन हंगामात शेडवर चौकशीचा फेरा मागे लागेल, म्हणून शेठनं आपसात उलगडा करायचं ठरवलं आणि ओळखीतून मला बोलावलं.

मी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. डिस्क राइट ब्लॉकरला, म्हणजे तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या साधनाला, जोडली, पूर्ण प्रत काढली, मूळ आणि प्रत दोन्हींचा शा-२५६ पद्धतीनं हॅश काढला, जुळला. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं. हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि बहुतेक जण विसरतात. मी विसरलो नाही. डीव्हीआर बरोबर अडीच तास पुढे होता.

अडीच तास म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा लागला. चीनची वेळ जागतिक वेळेच्या आठ तास पुढे, आपली साडेपाच तास. फरक अडीचचा. या जातीच्या डीव्हीआरमध्ये आतलं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं आणि पडद्यावर दाखवताना वेळविभागाचे तास मिळवले जातात. कारखान्यातून येताना विभाग बीजिंगचा असतो. बसवणाऱ्यानं बदलला नाही तर यंत्र खानदेशात बसून चीनचं घड्याळ दाखवत राहतं. म्हणजे १२:१० हे खरं तर रात्रीचे ९:४०. त्या वेळी रखवालदार आलेलाच नव्हता. शेडवर एकटे आप्पा होते, बारा वर्षं शेठकडे हिशोब लिहिणारे.

आप्पा म्हणाले, "मी मागं होतो, ट्रक भरत होता." ट्रकवाला परप्रांतातला, त्याचा पत्ता नाही. चित्र काळंपांढरं म्हणजे अंधार; मग ९:४०ला शेडचा दिवा बंद कसा, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मीच देऊन टाकलं: वीज गेली असेल, कॅमेरे इन्व्हर्टरवर असतील. दीड पानी अहवाल लिहिला, खाली सही केली. आप्पांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. रखवालदार वाचला, याचा मला अभिमान वाटला होता. निबंधाला विषयही मिळाला: 'वेळविभागातील तफावत आणि चुकीचा संशयित'.

माझी पाळी दुपारी जेवणाआधी आली. दहा मिनिटं बोलायचं, आठव्या मिनिटाला घंटा. स्लाइडचा मराठी फॉन्ट त्यांच्या संगणकावर उडाला होता, त्यामुळे शीर्षकात नुसते चौकोन. तरी बोलणं रंगलं. बीजिंग आणि चोपडा यांच्यातला अडीच तासांचा खेळ सांगितल्यावर लोक हसले. टाळ्या झाल्या. एका विद्यार्थ्यानं विचारलं, एमडी५ हा जुना हॅश का नाही वापरला? मी सांगितलं, २००४मध्येच चिनी गणितज्ञ शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एमडी५ मध्ये दोन वेगळ्या फाइल्सचा एकच हॅश काढून दाखवला, म्हणून शा-२५६. उत्तर देताना मला स्वतःचाच आवाज आवडत होता.

मग शेवटच्या रांगेमागून हात वर झाला. तिथे बसलेला माणूस प्रतिनिधी नव्हता. सभागृहातले कॅमेरे आणि प्रोजेक्टर सांभाळायला बोलावलेला मेकॅनिक होता, पारोळ्याकडचा. गळ्यात कार्ड नाही, हातात स्क्रू ड्रायव्हर. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, पण माइक दिला.

"सर, तो डीव्हीआर मीच लायेल शे," तो म्हणाला. "चोरीना दुसरा दिन शेठ पासवर्ड भुली गयथात. मंग मी रिसेट मारा."

सभागृहात हशा पिकला, बोलीमुळे. मला हसू आलं नाही. कारण पुढचं वाक्य त्यानं बोलायच्या आत मला कळलं होतं. रिसेट मारला म्हणजे सगळी मांडणी कारखान्यासारखी झाली. विभाग परत बीजिंगचा झाला, तो चोरीनंतर. मी दोन दिवसांनी गेलो तेव्हा घड्याळ अडीच तास पुढे होतं हे खरं. पण चोरीच्या रात्री ते किती पुढे होतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ चित्रीकरण होतानाच त्यात उमटते, नंतर घड्याळ फिरवलं तरी ती बदलत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "अगदी रंजक मुद्दा, भोजनोत्तर चर्चा करावी." आणि पुढचा निबंध सुरू झाला.

जेवणाला भरीत आणि कळण्याची भाकरी होती, कॉलेजच्या अंगणात पंगत. माझ्या घशाखाली घास उतरेना. मेकॅनिकला शोधून काढलं. तो पाठीमागच्या पायरीवर एकटाच जेवत होता. मी विचारलं, हे तुम्ही शेठना का नाही सांगितलं?

"माले कोन्ही इचारंच नही."

यावर काय बोलणार. उलट शेठनं मला सांगितलं होतं, "पासवर्ड गेला होता, कॅमेरेवाल्यानं काढून दिला." ते मी कानांनी ऐकलं आणि सोडून दिलं. डीव्हीआरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, रिसेटची वेळ सापडते का हेही पाहिलं नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, त्या मॉडेलचा लॉग रिसेटला पुसलाच जातो. मग ताटातलं भरीत बोटानं गोळा करत त्यानं सांगितलं, "सर, सकायले कॅमेरा रंगीत कव्हय व्हस ते दखा."

सकाळी कॅमेरा रंगीत कधी होतो ते पाहा. वीस वर्षं शिकवतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, जातो आणि चित्र काळंपांढरं होतं. पहाटे उजेड पुरेसा झाला की आतली काच सरकते, चित्र रंगीत होतं. त्या क्षणाचा डीव्हीआरच्या घड्याळाशी काही संबंध नाही. तो सूर्यावर ठरतो.

पूर्ण डिस्कची प्रत माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर होतीच, सादरीकरणासाठी आणलेली. इतके दिवस मी त्यातली फक्त चोरीची वीस मिनिटं पाहत आलो होतो. पायरीवरच लॅपटॉप उघडला, चोरीनंतरची पहाट लावली. काट्यावरचे घड करडे, जमीन करडी. कोपऱ्यात सहा. सहा दहा. ६:१७ला चित्र एकदम हललं आणि केळीच्या घडांना हिरवा रंग आला.

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे सूर्य साधारण साडेसहाच्या आत उगवतो. घड्याळ अडीच तास पुढे असतं तर हा हिरवा रंग पावणेनऊच्या पुढे दिसला असता. मग दोन दिवसांनंतरची सकाळ लावली, म्हणजे रिसेटनंतरची. तिथे ८:४८. मी दोन्ही सकाळी तीन-तीनदा पाहिल्या. मेकॅनिक तोवर हात धुऊन आला, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि प्रोजेक्टर पाहायला निघून गेला.

म्हणजे चोरी १२:१०लाच झाली होती. ९:४०ची गोष्ट माझी होती. आणि तो बंद दिवा? मध्यरात्री शेडचा दिवा बंदच असतो. भारनियमन मी बसल्या बसल्या रचलं होतं.

हॅशचं काय? हॅश आजही जुळतो. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढंच तो सांगतो. मूळ घड्याळ कोणी फिरवलं, कधी फिरवलं, हे त्याला कुठून कळणार?

संध्याकाळी समारोपात माझं नाव पुकारलं गेलं. पुरस्कार सकाळीच ठरले होते आणि पाट्या कोरून आल्या होत्या. मी संयोजकांना बाजूला घेऊन सांगितलं की निष्कर्ष चुकलाय. ते म्हणाले, "सर, आत्ता स्टेजवर चला, फोटो आहे." गेलो. शाल घेतली, पाटी घेतली. फोटोत मी हसतोय. तो फोटो पाहिला की मला माझाच राग येतो. दुसऱ्या आठवड्यात शुद्धिपत्र पाठवलं. उत्तर आलं की संग्रह छापून झालाय, नवा निबंध म्हणून पुढच्या वर्षी द्यावा, नोंदणी शुल्क वेगळं.

शेठकडे मात्र दुसऱ्याच दिवशी गेलो. आधीचा अहवाल मागे घेत असल्याचं पत्र लिहून नेलं, दोन्ही सकाळींची चित्रं जोडली. शेठनं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे रखवालदारच." मी म्हटलं, शेठ, तेही नाही. वेळ कळली, माणूस कळला नाही. चेहरा दिसत नाही, शेडला मागून कुंपण नाही. माझ्या पत्रात तेवढंच लिहिलंय आणि त्यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही. शेठना ते आवडलं नाही. तज्ज्ञानं नाव सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. पहिल्या खेपेला मी ती पुरवली होती.

आप्पा तोवर एका जिनिंगवर काट्याला बसत होते. कामावर निघायच्या आधी, सकाळी आठला त्यांना बसस्टँडवर गाठलं. पत्र दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, सावकाश वाचलं. मी माफी मागितली, ती शब्दांत नीट बसली नाही. शेठ परत बोलावणार आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, तसं काही बोलणं झालेलं नाही.

"नाही बोलावलं तरी चालंल," आप्पा म्हणाले. "सर, याच्या दोन झेरॉक्स मिळतील का? मुलीचं जमत आलं होतं भडगावला, ते दिवाळीनंतर थांबलं. एक त्या पाहुण्यांना द्यायची."

झेरॉक्सचं दुकान नऊला उघडायचं होतं. आम्ही दोघं समोरच्या बाकावर बसून राहिलो.