मधुमेही आजोबांनी पुन्हा अंग धरावं म्हणून: माझा अनुभव

घरी जाऊन आहार ठरवून देणं हे माझं काम. मधुमेह असलेल्या सत्तरीपुढच्या माणसाचं वजन उतरलेलं असतं आणि घरचे सांगतात, "पण शुगर अगदी नॉर्मल आहे हो." जेवणच निम्म्यावर आलं असेल तर शुगर खाली येणारच. म्हणून मी रिपोर्टच्या आधी सहा महिन्यांपूर्वीचं वजन विचारते.

समजा, आजोबांचं वय ७४, उंची १६० सेंमी, वजन ५१ वरून ४६ किलोवर आलेलं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे धोक्याची खूण, इथे ती १० टक्क्यांच्या जवळ आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८. आपल्याकडे सत्तरीनंतर तो २० च्या खाली गेला की कमीच धरायचा. पाठीला बाक आलेला असेल तर उंची चुकते आणि पाय सुजले असतील तर वजन फसवतं. अशा वेळी पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजते. ३१ सेंमीपेक्षा कमी भरला तर स्नायू झडलेत असं समजते.

ताटाला हात लावण्याआधी कारण शोधावं लागतं. सैल झालेली कवळी, गिळताना ठसका, बद्धकोष्ठता, जोडीदार गेल्यावरचं औदासीन्य. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने काहींची भूक मरते, जुलाब होतात, बी-१२ कमी होतं. वजन उतरवणारी मधुमेहाची नवी औषधं अशा माणसाला चालू असतील तर डॉक्टरांना ते लगेच सांगायला हवं. मधुमेह आणि घटतं वजन एकत्र दिसलं की टीबीची तपासणीही करून घ्यावी. याउलट शुगर फार वाढलेली असेल तर खाल्लेलं लघवीवाटे वाहून जातं, तिथे आधी औषध बसवावं लागतं.

आता ताट. "रोज वरण खातात" हे वाक्य मी तसंच लिहून घेत नाही, वाटी समोर आणायला सांगते. बहुतेकदा वाटीत वरचं पिवळं पाणी असतं, डाळ तळाशी पातेल्यातच राहिलेली. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण ती डाळ वाटीत उतरली तर. घट्ट वरण, मऊ मूगडाळ खिचडी, पिठलं यांनी हे साधतं. नुसती तांदळाची पेज आणि चहा-बिस्किटं यांनी पोट भरतं, शुगर चढते आणि स्नायूंना काही मिळत नाही.

किलोमागे ३० कॅलरी धरल्या तर ४६ किलोला साधारण १४०० लागतात. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ ते ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. दूध-दही मिळून ४०० मिली (१३ ग्रॅम), दोन अंडी (१२), डाळ-उसळ ६० ग्रॅम कोरडी (१४), शेंगदाण्याचं कूट २० ग्रॅम (५), पोळी-भाकरीचं पीठ १०० ग्रॅम (११). एवढ्यात ५५ होतात. अंडं नको असेल तर ६० ग्रॅम पनीर. दिवसभरात सहा चमचे तेल-तूप मिळून २७० कॅलरी देतं आणि शुगर फारशी हलवत नाही, तरी घरोघरी सगळ्यात आधी बंद झालेलं असतं ते तूपच. मी ते परत चालू करायला लावते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा ठेवते.

एवढंही जात नसेल तर मधुमेहींसाठीची पोषण पावडर घ्यायची. दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं जास्तीची मिळतील इतकी, निदान महिनाभर. इथे चुका ठरलेल्या: डबा पुरवायचा म्हणून ती पातळ करतात, जेवणाऐवजी देतात, किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी देऊन भूक मारतात. मी ती दोन जेवणांच्या मध्ये, घोट घोट करत अर्ध्या तासात संपवायला सांगते.

खाणं वाढलं की शुगर थोडी वर जाणार. तेव्हा जेवण कापायचं नाही, औषध बदलून घ्यायचं. अशा अशक्त वृद्धांमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या आत आणि उपाशीपोटी शुगर ९० ते १५० चालते. मला शुगर वाढण्यापेक्षा ती उतरण्याची भीती जास्त वाटते. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेतली आणि जेवण राहिलं तर शुगर ७० खाली जाते, आजोबा नुसते गप्प किंवा गोंधळलेले दिसतात. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. किती खातील याचा भरवसा नसेल तर जेवणाचं इन्सुलिन जेवल्यानंतर, खाल्लेल्या प्रमाणात देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं.

एक बाब मात्र घरी करू नये. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम भरपूर खाऊ घालायचं नाही. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाला धोका होतो. अशांना रुग्णालयातच, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, थोड्यापासून सुरुवात करतात.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत करायचं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं तर छान. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना दाखवा. नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाहीत, म्हणून दिवसातून दोनदा, कोणीतरी शेजारी उभं राहून, पाच वेळा खुर्चीवरून उठ-बस करून घ्यायची. आधी हातांनी रेटून उठणारे आजोबा हात न टेकता उठू लागले आणि महिनाभर वजन टिकलं की पावडरच्या रोजच्या दोन पेल्यांपैकी एक कमी करून त्या जागी दही किंवा उसळ आणते. दुसरा पेला आणखी महिनाभर तसाच ठेवते.