नवे ब्रेक रुळवताना

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि त्यांना दाबून धरणारे पॅड बदलले आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना घेऊन इंदूरहून ओंकारेश्वरला निघाले. वाटेतला भेरूघाट उतरताना पाय सतत ब्रेकवर. पुढे ट्रकची रांग लागलेली, तिथे गरम ब्रेक तसाच दाबून पाच-सात मिनिटं उभी राहिले. महिन्याभरात साठच्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, डिस्क वाकली. लेथवर घासून घेतली, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी काठावर कोरलेल्या किमान जाडीच्याही खाली गेली.

डिस्क अशी सहसा वाकत नाही. नव्या डिस्कवर पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर चढावा लागतो, तेव्हा कुठे ब्रेक नीट धरतो. तापलेला पॅड एकाच जागी दाबून ठेवला की माल तिथेच जास्त चिकटतो आणि चाकाच्या दर फेऱ्याला तो उंचवटा हाताला लागतो.

या वेळी नव्या डिस्क आणि पॅड बसवताना शेजारी उभी राहिले. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढायला लावला, नाहीतर डिस्क तिरकी बसते. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसून घेतलं. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं. पॅडला दाबणारे पिस्टन बसवताना मागे ढकललेले असतात, पहिल्यांदा पाय थेट खाली जातो. "मॅडम, चलाते-चलाते सेट हो जाएगा," गॅरेजवाला म्हणाला. मला ते नशिबावर सोडायचं नव्हतं.

रविवारी पहाटे साडेपाचला ब्रेक रुळवायला इंदूरचा सुपर कॉरिडॉर गाठला. मेट्रोच्या खांबांच्या कडेनं लांबच लांब मोकळा रस्ता. मागे कोणी येत नाही ना, ते बघायला आमचे हे मागच्या सीटवर. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत ब्रेक मारायचा, जोर लावून पण चाक लॉक न करता. थांबायचं नाही, लगेच पुन्हा वेग घ्यायचा. असं दहा वेळा. (पॅडच्या डब्यातल्या कागदावर वेगळे आकडे असतील तर तेच पाळावेत.) सहाव्या-सातव्या वेळी जळका, उग्र वास आला. हे घाबरले. तो पॅडमधल्या राळेचा वास असतो, पहिल्यांदा तापताना येतोच.

खरी कसोटी त्यानंतरची. ब्रेकला जवळजवळ हात न लावता दहा किलोमीटर, वाऱ्यानं गार होईपर्यंत. एक सिग्नल लांबूनच लाल दिसला; तिसरा, मग दुसरा गिअर टाकून गाडी रांगवत नेली. जवळ पोचेपर्यंत हिरवा झाला!

घरी येऊन अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. कोऱ्या डिस्कवरच्या बारीक गोल रेघा बुजल्या होत्या, सगळीकडे एकसारखा मंद करडा रंग.

पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन पुन्हा भेरूघाट. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक लागेल तेवढाच, दाबून लगेच सोडलेला. खाली सपाटीवर सत्तरला मुद्दाम जोरात दाबून पाहिला. स्टिअरिंग शांत होतं.