निसण कोणी धरलीय?

स्वतःचं कौतुक स्वतःच्याच तोंडाने, ते पण मोठ्याने आणि आवाज बदलून बदलून, कोणाला करावं लागतं? निवडणुकीतला उमेदवार सोडला तर फक्त बापाला. लहान मुलांची बाबांवरची जी चित्रपुस्तकं असतात ना, त्यातलं एक रात्री साडेनऊला पोरीला कुशीत घेऊन वाचून बघा म्हणजे कळेल. "माझे बाबा कशाकशाला घाबरत नाहीत," हे मीच वाचायचं, आणि बाजूला पाच वर्षांची आमची बाय शांतपणे म्हणणार, "पण तू पालीला घाबरतोस." बरं, पाल त्या वेळी ट्यूबलाइटजवळच असते, त्यामुळे वाद घालता येत नाही.

हे पुस्तकांचं प्रकरण जूनमध्ये सुरू झालं. तिसऱ्या रविवारी फादर्स डे असतो म्हणून शाळेत कार्ड करायला लावलं होतं, कागदाचा शर्ट आणि त्यावर चिकटवलेला टाय. आता फोंड्यात जूनच्या पावसात टाय घालून फिरणारा बाप मला दाखवा, मी त्याला चहा पाजतो. आम्ही सगळे हाफ पँट, रेनकोट आणि हातात मासळीची पिशवी. पण ते कार्ड तिने इतक्या आनंदाने दिलं की मी पण भारावलो आणि पुढच्या शनिवारी तिला घेऊन पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. १८३२ सालापासूनची ही लायब्ररी, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक वाचनालयांमधली एक, आणि मी फोंड्याहून तिथे आयुष्यात तीनदा गेलेलो, ते पण स्पर्धा परीक्षेच्या काळात एसीत बसायला. मुलांच्या विभागात बायने चपला काढल्या, खाली बसली आणि उठेचना.

त्या दिवसापासून आमच्याकडे पुस्तकं येतात-जातात, आणि त्यातल्या परदेशी बापांबद्दल माझं एक निरीक्षण आहे, या लोकांना चंद्राचं भलतंच वेड. अँथनी ब्राऊनच्या पुस्तकातला बाप ड्रेसिंग गाऊन घालून चंद्रावरून उडी मारतो. दोन सशांचं ते प्रसिद्ध पुस्तक, १९९४ सालचं, त्यात मोठा ससा छोट्या सशाला सांगतो की तू मला चंद्रापर्यंत आणि तिथून परत इथपर्यंत आवडतोस (गंमत म्हणजे ते दोघं बाप-लेक आहेत असं त्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही, ते आपणच ठरवून टाकतो). आणि एरिक कार्लच्या १९८६ च्या पुस्तकात तर मोनिका नावाची मुलगी सरळ म्हणते, पपा मला चंद्र आणून दे, आणि तो पपा, आपल्यासारखं "उद्या बघू हां" न म्हणता, खरंच शिडी शोधायला जातो.

हे सगळं मी इंग्लिशमधून बघत बघत तोंडाने मराठीत सांगतो, आणि खरी पंचाईत तिथे होते. कारण आपल्याकडे चंद्र हा मामा! आपल्या सगळ्या बाळगाण्यांत बघा, चांदोबा मामा, चिरेबंदी वाडा मामाचा, झुकझुक गाडी जाते ती मामाच्या गावाला, शिकरण-पोळ्या पण मामाच्याच घरी. बाप कुठेच नाही. बाप बहुतेक या सगळ्या मंडळींना स्टेशनवर सोडून कामावर गेलेला असतो. आईवर १९३३ सालीच साने गुरुजींनी पुस्तक लिहून ठेवलं, ते वाचून आमच्या आधीच्या पिढ्या रडल्या, आम्ही रडलो, बापावर रडायला आम्हाला कोणी पुस्तक दिलं नाही. तर बायने मोनिकाच्या बापाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण चांदोबा तर मामा ना? मग तो पपा तिच्या आईच्या भावाला का खाली आणतोय?" बायको आतून हसली ती हसतच राहिली, कारण तिचा भाऊ मुंबईहून येतो तेव्हा त्याला करमळी स्टेशनवरून आणायला रात्री-अपरात्री मीच जातो.

दुसरी पंचाईत "आय लव्ह यू" ची. ते मराठीत सांगून बघा. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हटलं की संध्याकाळी सातची सिरियल सुरू झाल्यासारखं वाटतं. "तू मला आवडतेस" म्हटलं तर ती विचारते, "भेंडीसारखी?" शेवटी मी "जीव" वर आलो, माझा तुझ्यावर एवढा जीव आहे. हे बरं बसलं, पण मग ते ससे हात पसरून एवढं-एवढं म्हणून मापत असतात आणि जीव काही हाताने मापता येत नाही, त्यामुळे तिथे मी गुपचूप पान उलटतो.

ही पुस्तकं मला सुरुवातीला जरा गोडगोडच वाटायची, खरं सांगतो. साखर जास्त झालेला चहा. सगळे बाप सदा घरी, सदा रिकामे, कधी ओव्हरटाइम नाही, कधी इएमआय नाही. मग एके रात्री बाय झोपल्यावर सहज मोबाइलवर या लोकांबद्दल वाचत बसलो तर वेगळंच निघालं. ब्राऊन सतरा वर्षांचा असतानाच त्याचे वडील गेले. कितीतरी वर्षांनी आईकडच्या एका जुन्या सुटकेसमध्ये वडिलांचा ड्रेसिंग गाऊन सापडला आणि त्यातून हे पुस्तक झालं, म्हणून त्यातला बाप पानोपानी तो गाऊन घालून असतो, मासा झाला तरी, घोडा झाला तरी अंगात तोच चौकटीचा गाऊन. आणि एरिक कार्लचं तर काय सांगू. जन्म अमेरिकेत, १९२९ चा. लहानपणी वडील त्याला रानात फिरायला न्यायचे, दगड उचलून खालचे किडे दाखवायचे, साल सोलून आतलं दाखवायचे आणि किडा परत नीट त्याच्या जागी ठेवायचे. १९३५ ला हे कुटुंब जर्मनीला परत गेलं, १९३९ ला युद्ध लागलं, वडिलांना सैन्यात नेलं, पुढे ते रशियनांच्या कैदेत पडले आणि परत आले ते १९४७ संपता संपता. पोरगा तोवर अठरा वर्षांचा झालेला, आणि आलेला माणूस नुसता सापळा. म्हणजे चंद्राला शिडी लावणारा बाप ज्याने रंगवला त्याचा स्वतःचा बाप त्याच्या वाढीच्या वयात घरात नव्हताच. ते वाचल्यावर मी चहात साखर जास्त आहे असं म्हणायचं बंद केलं.

माझे वडील युद्धावर नव्हते, खाणीवर होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. डिचोली तालुक्यात ट्रक चालवायचे, मातीचे, म्हणजे लोहखनिजाचे, पण आमच्याकडे सगळे मातीच म्हणतात. पहाटे आम्ही झोपेत असताना जायचे आणि रात्री आम्ही झोपल्यावर यायचे. सकाळी दादा येऊन गेले याचा पुरावा म्हणजे न्हाणीतल्या बादलीच्या तळाला बसलेली तांबडी माती. पुस्तक वाचून दाखवणं वगैरे तर सोडाच, मी कितवीत आहे हे त्यांनी आईला विचारूनच शाळेच्या फॉर्मवर लिहिलं असणार. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ते पहिल्यांदा सलग घरी बसले, आणि घरात इतका वेळ हा माणूस काय करतो हे आम्हालाही कळेना आणि त्यांनाही.

पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दादा घरी असायचे. चवथ म्हणजे माटोळी (गणपतीसमोर वर टांगलेल्या चौकटीला फळं-पानं बांधतात ती), आणि आमच्या घरी माटोळीत बायकांचा हात नाही, ती दादांची. आदल्या दिवशी पहाटे मला उठवून रानात न्यायचे, सत्तरीच्या बाजूला, आणि तिथे जो माणूस घरी चार शब्द बोलायचा नाही तो नुसता बोलत सुटायचा. हे कांगलां, हे कवंडळ, ह्याला हात लावू नको, ही केवण, हिची साल अशी सोलायची, दोर बाजारातून आणायचा नाही, माटोळी केवणीच्या दोरानेच बांधायची. दगडाखालचे किडे नाही दाखवले कधी, पण साल सोलून दाखवली. घरी आलं की गणपतीसमोरच्या छताला लाकडी चौकट टांगलेली असायचीच, तिला एकेक करून बांधायचं, नारळ, सुपारीचा घोस, तवशी, चिबूड, आंबाडे, आंब्याचे टाळे. दादा निसणीवर चढलेले (शिडीला आम्ही निसण म्हणतो) आणि मी खाली. माझं काम दोन, मागितलेलं फळ वर द्यायचं आणि निसण धरायची. "घट धर रे," एवढंच वरून यायचं. मी सहा-सात वर्षांचा, माझं वजन असून असून किती असणार, निसण घसरली असती तर माझ्यासकट खाली आली असती. पण मी दोन्ही हातांनी अशी धरायचो की तळव्यांवर बांबूच्या गाठींचे वळ उठायचे, आणि वर बघितलं की दादांच्या टाचा दिसायच्या, भेगांत तांबडी माती बसलेल्या. ती माती चवथीला आंघोळ करूनही जायची नाही.

तर यंदा चवथीला आम्ही गावी गेलो तेव्हा बायने बॅगेत कपड्यांच्या आधी तेच चंद्राचं पुस्तक भरलं. दादांना आता निसणीवर चढवत नाहीत, गुडघे गेलेत, ते खुर्चीत बसून हुकूम सोडतात आणि मी बांधतो आणि मी बांधलेलं त्यांना पसंत पडत नाही. दुपारी जेवण झाल्यावर बाय त्यांच्याकडे पुस्तक घेऊन गेली. दादांना इंग्लिश येत नाही, हे तिला माहीत नाही, तिच्या मते मोठ्या माणसांना वाचता येतं. मी आडवा पडलो होतो, उठून मदतीला जाणार तेवढ्यात दादांनी चश्मा लावला आणि पुस्तक उघडलं, म्हटलं बघू तरी.

दादा वाचेचनात, बघत बसले. त्या पुस्तकाची पानं उलगडतात, शिडीचं पान आडवं लांबच लांब उघडतं, डोंगरावरून चंद्राकडे चढायचं पान उभं वरपर्यंत, आणि पूर्ण चंद्राचं पान तर मांडीवर मावतच नाही. दादांनी शिडीचं पान उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग बोटाने पायऱ्या मोजल्यासारखं काहीतरी केलं. डोंगराचं पान आलं तसं पुस्तक जरा लांब धरून बराच वेळ खालच्या बाजूला बघत राहिले, आणि बायला विचारलं, "आनी सकयल निसण कोणें धरल्या?"

बाय बघायला लागली. मी पण उठून गेलो. खरंच की, एवढी मोठी शिडी, एवढ्या मोठ्या डोंगराच्या टोकावर टेकवलेली, वर बाप चढतोय आणि खाली कोणी नाही. मी हे पुस्तक वीसेक वेळा तरी वाचलं असेल, रंग बघितले, कागद कापून चिकटवायची त्याची पद्धत बघितली, त्याच्यावर वाचलं पण, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"ती घरी आहे, मोनिका," बायने सांगितलं, "खिडकीतून बघतेय."

"खिडकेंतल्यान निसण धरूंक मेळना," दादा म्हणाले आणि चश्मा काढून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो धरतालो. कितलोसोच आशिल्लो, पूण सोडिनासलो." (हा धरायचा. केवढासाच होता, पण सोडायचा नाही.) आणि लगेच आईला हाक मारली, चहा झाला का म्हणून.

बस एवढंच. चाळीस वर्षांच्या आयुष्यात दादांकडून मला आलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक, आणि ते मला नाही, माझ्यासमोर माझ्या पोरीला सांगितलेलं. मी माटोळीत एक आंबाडा सैल लटकत होता तो घट्ट करायला गेलो. ह्या वेळी खाली निसण धरायला बाय आली, एक हात निसणीला आणि दुसऱ्या हातात मोदक.

फोंड्याला परत आल्यावर पुस्तक परत द्यायची तारीख उलटून गेलेली. दंड काय तो भरू, पण पिशवीत टाकताना सहज उघडून बघितलं तर डोंगराच्या त्या पानावर, शिडीच्या अगदी तळाला, पेन्सिलने एक चिमुकली आकृती काढलेली, दोन वेण्या, गोल डोकं, आणि शिडीला गच्च धरलेले काटकुळे हात. शेजारी खुर्चीसारखं काहीतरी आणि त्यावर चश्मा घातलेला एक माणूस. लायब्ररीच्या पुस्तकात रेघ मारायची नसते हे मी तिला शंभरदा सांगितलंय, तिला ओरडायला पाहिजे होतं, ओरडलो पण थोडासा. खोडरबर टेबलावर आहे, पेन्सिल तशी फिकी आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. आज तिसरा दिवस, दंड वाढतोय.