आठच्या खुणेचा कल

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी ३१ वर्षे काम केले. निवृत्त झाल्यावर, तरुणपणापासून मनात असलेली एक इच्छा पूर्ण करायची असे पत्नीने आणि मी ठरवले आणि नाशिकमधील एका अधिकृत विक्रेत्याकडून गडद निळ्या तबकडीचे स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतले. किंमत चार लाखांच्या थोडी वर होती. आमच्यासारख्या घरात एवढी रक्कम घड्याळावर आयुष्यात एकदाच खर्च होते. त्यामुळे पुढे जे घडले ते मी मनाला लावून घेतले आणि त्यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

नवव्या दिवशी सकाळी, गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या गॅलरीत कोवळ्या उन्हात बसलो असताना मला ते प्रथम दिसले. या घड्याळात तासांच्या खुणा छापलेल्या नाहीत, तर पॉलिश केलेल्या धातूच्या बारीक कांड्या तबकडीवर बसवलेल्या आहेत. मनगट हळूच फिरवले की त्यांच्या कडांवर उजेड येतो. मात्र शेजारच्या सात आणि नऊच्या खुणा जशा क्रमाने उजळत, तसा आठच्या खुणेचा उजेड त्या क्रमात बसत नव्हता, तो किंचित मागे राहत होता. निरखून पाहिल्यावर ती खूण मध्यबिंदूच्या रोखाने नसून एका बाजूला कललेली आहे असे वाटले. शिवाय चारच्या खुणेजवळ एक पांढरा ठिपका होता.

त्या दिवशी दुपारी सराफ बाजारातील एका स्नेह्यांकडून हिरे पाहण्याचे दहापट भिंग मागून आणले आणि तासभर तबकडी तपासली. त्या तासाभरात माझ्या वहीत सात नोंदी झाल्या. कुठे मिनिटांच्या रेषेची कड दातेरी, कुठे अक्षराचा एक पाय बारीक, कुठे लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या चकचकीत लेपावर, सुईच्या टोकाएवढा फुगवटा. रात्री त्या नोंदी पुन्हा वाचल्या तेव्हा मात्र मी अस्वस्थ झालो, कारण नोकरीत असताना असा अहवाल मी स्वतः परत पाठवला असता. तबकडी म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती असते, तिच्यावर रंगाचे आणि लॅकरचे थर चढवतात, अक्षरे आणि रेषा सिलिकॉनच्या मऊ ठशाने शाई उचलून छापतात आणि खुणांच्या मागे असलेले बारीक पाय तबकडीच्या छिद्रांत बसवून पक्के करतात. या प्रत्येक पायरीवर थोडाफार फरक पडणारच आणि दहापट मोठे करून पाहिल्यावर तो दिसणारच. आमच्या कारखान्यात दिसणाऱ्या पृष्ठभागाची तपासणी ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या अंतरावरून, नुसत्या डोळ्यांनी होत असे. भिंग वापरायचे ते दिसलेल्या दोषाचे कारण शोधण्यासाठी, नवे दोष शोधण्यासाठी नव्हे. तोच नियम मी येथे लावला, भिंगाशिवाय हातभर अंतरावरून जे दिसत नव्हते ते सगळे खोडले आणि सातपैकी पाच नोंदी गेल्या. उरलेल्या दोन, म्हणजे ठिपका आणि आठची खूण, कोणालाही दाखवता येतील अशा होत्या.

ठिपका काचेच्या आतल्या बाजूला आहे की तबकडीवर, हे घड्याळ न उघडता कळू शकते. घड्याळ तिरके करत गेल्यावर ठिपका शेजारच्या रेषेच्या तुलनेत सरकताना दिसला तर तो काचेला चिकटलेला असतो, आणि रेषेशी त्याचे अंतर तेवढेच राहिले तर तो तबकडीवर असतो. माझा ठिपका जागचा हलला नाही. तिरप्या उजेडात त्याची नखभर नव्हे तर केसभर सावली पडत होती, यावरून तो लॅकरच्या आत अडकलेला नसून वर बसलेला कण असावा असा तर्क मी केला.

खुणेच्या बाबतीत तर्क पुरेसा नव्हता, मोजमाप हवे होते. मोबाईलने जवळून काढलेल्या छायाचित्रात कडेच्या रेषा वाकतात, म्हणून घड्याळ थोडे दूर ठेवून, बरोबर वरून, दर वेळी घड्याळ वेगळ्या दिशेला फिरवून चार छायाचित्रे काढली आणि मुलाने संगणकावर प्रत्येकात मध्यबिंदूपासून आठच्या मिनिटरेषेपर्यंत रेघ ओढली. चारही वेळा खुणेचा कल एक अंशाच्या आसपास आला. ती खूण तीन मिलिमीटर लांब आहे, म्हणजे एका टोकाच्या तुलनेत दुसरे टोक सुमारे ०.०५ मिलिमीटर, अर्थात ५० मायक्रॉन बाजूला गेले होते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीएवढे आहे आणि तरीही डोळ्याला खटकते, कारण दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखण्यात डोळा विलक्षण तीक्ष्ण असतो. माझेच मन मला फसवत नाही ना, याची खात्री करण्यासाठी एका जुन्या सहकाऱ्याला घरी बोलावले, काहीही न सांगता घड्याळ हातात दिले आणि बारापैकी एखादी खूण वेगळी वाटते का, एवढेच विचारले. मिनिटभरात त्याने आठच्या खुणेवर बोट ठेवले. त्यानंतरच मी दुकानाची पायरी चढलो.

दुकानात वागणूक सभ्य होती, पण उत्तर ठरलेले होते: हे कंपनीच्या मर्यादेत बसते. ती मर्यादा किती, असे विचारल्यावर व्यवस्थापकांनी घड्याळासोबतच्या सीओएससी, म्हणजे घड्याळयंत्रांची अचूकता तपासणाऱ्या स्विस संस्थेच्या, प्रमाणपत्राकडे लक्ष वेधले. ते प्रमाणपत्र मी वाचलेले होते. त्यासाठी यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाते आणि त्याची सरासरी दैनिक चाल, म्हणजे दिवसाला मागे किंवा पुढे जाणे, उणे चार ते अधिक सहा सेकंदांत असावी लागते. तबकडीच्या रेखीवपणाबद्दल त्यात एक शब्द नसतो. ‘स्विस मेड’ या शब्दांचा अर्थही यंत्र, जुळणी, अंतिम तपासणी आणि २०१७ पासून किमान ६० टक्के उत्पादनखर्च यांच्याशी निगडित आहे. मी लेखी अर्ज दिला, त्याला बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, चार छायाचित्रे आणि दोनच मुद्दे जोडले. घड्याळाची अवस्था नोंदवलेली पावती घेतल्याशिवाय ते हातातून सोडायचे नाही, हेही ठरवले होते.

हा सल्ला मेन रोडवरील एका वृद्ध घड्याळजींचा. माझे घड्याळ त्यांनी उघडले नाही, वॉरंटीतले घड्याळ बाहेर उघडू नये, असेच ते म्हणाले. “साहेब, तबकडी काढायची म्हणजे आधी काटे उपसावे लागतात. चांगल्या हाताने केले तर डाग उरत नाही, पण देताना केस, काच, पट्टा यांवर ओरखडा नाही हे लिहून घ्या आणि परत घेताना पाणीरोधक चाचणी झाल्याचे लिहून मागा.” त्यांचे हे दोन्ही शब्द पुढे कामी आले.

घड्याळ मी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने स्वतः मुंबईच्या सेवा केंद्रात नेले. पाच आठवड्यांनी कळवण्यात आले की ठिपका म्हणजे धूलिकण होता, तो काढला आहे, आणि खूण मानकात आहे. मानक कोणते, हे याही पत्रात नव्हते. ते पत्र वाचून खरोखर वाईट वाटले, कारण एकतीस वर्षे मी पुरवठादारांना आधी आकडा दिला होता आणि मग त्यांचा माल नाकारला होता.

दुसरे पत्र मी शांतपणे, दोन दिवस लावून लिहिले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत गुणवत्तेतील अपूर्णता आणि उणीव यांचाही समावेश आहे, आणि तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. या गोष्टी मी एका परिच्छेदात नमूद केल्या, धमकीचा सूर येऊ दिला नाही. उरलेल्या पत्रात एकच विनंती होती: भिंगाने दिसणाऱ्या पाच गोष्टी मी स्वतःहून सोडल्या आहेत, कंपनीनेही खुणेच्या कलाची आपली मर्यादा अंशांत कळवावी, आणि माझी खूण त्या मर्यादेत असेल तर मी तक्रार मागे घेईन.

आकडा अखेरपर्यंत आला नाही. तीन आठवड्यांनी तबकडी वॉरंटीत बदलून देण्याचे पत्र आले आणि नवी तबकडी येऊन बसेपर्यंत आणखी अडीच महिने गेले. जुनी तबकडी मला ठेवायची होती, पण बदललेला भाग कंपनीकडे जमा होतो असे सांगण्यात आले.

घड्याळ परत आले त्या दिवशी पत्नी सोबत होती. दुकानातल्या दिव्यांखाली न पाहता आम्ही ते कर्मचाऱ्यासह दरवाज्याबाहेर उन्हात नेले. केसवर ओरखडा नव्हता आणि पाणीरोधक चाचणीची नोंद पावतीवर होती. मी हात लांब करून मनगट हळूहळू फिरवले. सात, आठ, नऊ, एकामागोमाग एक उजळले. पत्नीने तेच पुन्हा करायला लावले, मग स्वतःच्या हातावर घड्याळ ठेवून पाहिले आणि मान हलवली. पावतीवर सही करण्यापूर्वी मी लिहिले: “भिंगाशिवाय, हातभर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात पाहिले. आठची खूण सरळ आहे.”