एसीचा गॅस संपत नसतो: माझा अनुभव

मागच्या वर्षी मार्चमध्ये गाडीच्या एसीत गॅस भरून घेतला. एप्रिल सरता सरता हवा पुन्हा कोमट. त्याच गॅरेजमध्ये गेले, पुन्हा गॅस, पुन्हा दीड हजार रुपये. ‘उन्हाळ्यात संपतोच,’ असं तिथल्या माणसानं ठासून सांगितलं आणि मी ते मानलं. यंदा अकोल्यात पारा 43 वर गेला, आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं होतं आणि एसीतून नुसती झळ येत होती. मग ठरवलं, आता गॅस भरणाऱ्याकडे जायचं नाही. गळती शोधून देणाऱ्याकडे जायचं.

एमआयडीसीच्या बाजूला फक्त गाड्यांच्या एसीचं काम करणारे एक मिस्त्री भेटले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गॅस म्हणजे पेट्रोल नाही ना ताई, जळून संपाले. कुठून तरी निघून जाते तो.” एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी वाट सापडलीच आहे.

काम बघायला थांबू का, असं विचारलं. हो म्हणाले, पण आधी दुपट्टा काढून ठेवायला लावला. बॉनेट उघडं असताना रेडिएटरचा पंखा एसीमुळे आपोआप सुरू होतो. मग मला एक चष्मा दिला, स्वतः चष्मा आणि हातमोजे चढवले. आमच्या गाडीत आर-134ए गॅस आहे. तो उणे 26 अंशांनाच उकळतो, म्हणजे त्याचा द्रव उडाला तर लागेल तिथली कातडी गोठते आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आधीच्या गॅरेजमध्ये वॉल्व्हची पिन स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून गॅस फुस्सकन सोडला होता, तेव्हा माझा मुलगा दोन हातांवर उभा होता. ते आठवून आजही पोटात गोळा येतो. शिवाय हा गॅस असा हवेत सोडणं वाईटच, कारण वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

इथे मशीननं गॅस ओढून घेतला आणि वजन दाखवलं: 170 ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर 420 लिहिलेलं. गंमत बघा, एसी बंद असताना गेजचा काटा अगदी व्यवस्थित दाब दाखवत होता. आत थोडा जरी द्रव उरला असेल तर तो दाब फक्त तापमानावर ठरतो, गॅस किती आहे ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी वजनच करावं लागतं.

मग गळती शोधायला नळ्यांमध्ये दाबानं नायट्रोजन भरला. टायरवाल्याकडची हवा का नाही, विचारलं. हवेत ओल असते आणि दाबाखाली हा गॅस हवेत मिसळला तर पेट घेऊ शकतो. गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट धूळ चिकटलेली होती. गॅसबरोबर तो दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग पडतो. त्यावर साबणाचा फेस लावला. क्षणभर काहीच नाही, मग साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. दोन वेळा भरलेल्या गॅसचे पैसे इथून गेले होते!

कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर आणि जोडावरच्या रबरी ओ-रिंगा नव्या टाकल्या. रिंगा बसवण्याआधी एसीच्याच तेलात बुडवल्या. नंतर पाऊण तास पंपानं आतली हवा ओढून व्हॅक्यूम. ही पायरी आधी दोन्ही वेळा गाळली होती, हे मला आता कळलं. व्हॅक्यूममध्ये आतली ओल गॅरेजच्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. राहिली तर बारीक वाटेत बर्फ धरतो आणि आतून गंज चढतो. पंप बंद करून आणखी पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. हलला नाही.

गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून भरला. शेवटचा भाग इंजिन चालू करून, सिलिंडर उभा ठेवून, फक्त कमी दाबाच्या बाजूनं. आडवा किंवा उलटा धरला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो मोडू शकतो. आणि इंजिन चालू असताना गेजचा जास्त दाबाच्या बाजूचा लाल नॉब उघडायचाच नाही, कारण जास्त दाब उलटा सिलिंडरमध्ये शिरतो आणि सिलिंडर फुटू शकतो. हे त्यांनी हाताखालच्या पोराला माझ्यासमोर दोनदा म्हणायला लावलं.

एकूण 7,800 रुपये झाले. गाडीत हवा येते त्या जाळीत थर्मामीटर धरला, बाहेर 42 असताना 9 अंश. मिस्त्रींनी कागदी टेपच्या तुकड्यावर ‘134ए, 420 ग्रॅम’ आणि तारीख लिहून तो स्टिकरशेजारी चिकटवला. जुलै उजाडला तरी हवा तशीच गार आहे.